पाहुण्यांचें उत्पन्न

अमेरिकेंतील ईटन बंधूंचा वृत्तान्त आमच्या शेतकरी बंधूंनीं ध्यानांत घेण्याजोगा आहे. हॉवर्ड, विलिस व आल्डन हे तिघे पिट्सबर्ग सोडून डाकोटा प्रांतांत गुरें पाळावयास गेले. पूर्वेकडील स्नेही येत, बहुत दिवस राहत, घोडे वापरीत. खर्च मात्र यजमानांचा! अखेरीस १८८२ सालीं एका पाहुण्यानेंच पैसे देऊं केले. १८८६-८७ च्या हिंवाळ्यांत त्या मुलखांतील असंख्य गुरें बर्फांत मेलीं, कित्येक कुरणवाले बुडाले, ईटन टिकले. १९०४ सालीं ते वायोमिंगांत बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याशीं, वुल्फ क्रीकच्या खोऱ्यांत आले, व तेथें पुढील पिढ्यांनीं हाच व्यवसाय चालविला.

घरीं आलेल्याकडून पैसा घेण्याची आम्हांस लाज वाटते. परंतु सोयरा निराळा, हवा खाण्यास येणारा निराळा. मीं तालुका कचेरींत लेखणी झिजविली. शेतकऱ्याच्या कर्जाचे आंकडे पाहिले, पाहुणचाराचा आंकडा कोठेंही पाहिला नाहीं. हुरडा खाण्यास येणाऱ्या शहरी मंडळीस दर अगोदर सांगावा, आणि हिशेबाची वही घरधनिणीच्या हातीं असावी. चूल तीच पेटविते.