हरकतींचा महापूर, उत्तरांचा दुष्काळ

९७ लाख २७ हजार ७७२. वक्फ (सुधारणा) विधेयकाचा विचार करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीकडे आलेल्या निवेदनांची ही संख्या अल्पसंख्याक व्यवहार मंत्री किरेन रिजिजू यांनी २ एप्रिल २०२५ रोजी लोकसभेत सांगितली. एखाद्या विधेयकावर एवढ्या लोकांनी मत कळवावे, ही कोणत्याही लोकशाहीने मिरवावी अशीच गोष्ट. पण हाच आकडा जरा हिशेबाच्या वहीत मांडून पाहावा. एका कर्मचाऱ्याने रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस, प्रत्येक निवेदनाला फक्त एक मिनिट द्यायचे ठरवले, तर हा ढीग उपसायला त्याला ८१ वर्षे लागतील. जगदंबिका पाल यांच्या अध्यक्षतेखालील ही समिती ऑगस्ट २०२४ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल १३ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत मांडला गेला. मधले सहा महिने हेच काय ते वाचनाला.

निवेदनांचा हा पूर आपोआप आला नव्हता. विधेयकाच्या विरोधकांनी आणि समर्थकांनीही आपापल्या लोकांना ईमेल पाठवण्याचे आवाहन केले होते. क्यूआर कोड छापले गेले. मोबाइल समोर धरला की मजकूर तयार, फक्त पाठवण्याची कळ दाबायची. मग ज्याने त्याने दुसऱ्याच्या गर्दीवर संशय घेतला. समितीचे एक सदस्य, भाजपचे निशिकांत दुबे यांनी तर या निवेदनांच्या उगमाची चौकशी करण्याची मागणी केली. ९७ लाखांत स्वतंत्र युक्तिवाद किती, एकाच मजकुराच्या नकला किती आणि दुसऱ्याच्या नावावर पाठवलेली पत्रे किती, या साध्या प्रश्नांभोवती मात्र चर्चा कधी रंगलीच नाही.

धोरण ठरवताना जनतेचे मत मागवण्याचा दरवाजा इंटरनेटमुळे सताड उघडला, हे चांगलेच झाले. पण त्या दरवाजातून नागरिकांबरोबर यंत्रेही आत शिरतात. अशा वेळी सत्तेपुढे दोन सोपे मार्ग असतात. आकडा सोयीचा असेल तर त्याला जनमताचा कौल म्हणायचे आणि गैरसोयीचा असेल तर ‘स्पॅम’ म्हणून कचऱ्याच्या टोपलीत टाकायचे. दोन्ही मार्गांचा फायदा एकच, तो म्हणजे वाचण्याचे कष्ट वाचतात. गेल्या दशकभरात या दोन्ही मार्गांवरून आपली वाटचाल कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

याची पहिली मोठी चुणूक २०१५ मध्ये दिसली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी २७ मार्च रोजी चर्चापत्र काढले. त्यात २० प्रश्न होते. इंटरनेट समानतेच्या पुरस्कर्त्यांनी त्यांची उत्तरे तयार करून संकेतस्थळावर ठेवली आणि महिन्याभरात दहा लाखांहून अधिक ईमेल प्राधिकरणाकडे गेले. एप्रिलच्या अखेरीस ‘ट्राय’ने ते सर्व ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसह प्रसिद्ध करून टाकले. हेतू पारदर्शकतेचा होता. परिणाम असा की, लाखो नागरिकांचे ईमेल पत्ते जाहिरातबाजांच्या आणि भामट्यांच्या हाती आयते पडले. स्पॅमला तोंड देता देता सरकारी यंत्रणेनेच स्पॅमची पेरणी करावी, यापरता विरोधाभास कोणता?

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘ट्राय’ने डेटाच्या भेदभावी दरांविषयी दुसरे चर्चापत्र काढले. त्या वेळी ‘फेसबुक’ने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या समर्थनार्थ वापरकर्त्यांकडून तयार मजकुराचे संदेश पाठवून घेतले. आलेल्या सुमारे २४ लाख प्रतिसादांपैकी १८ लाखांहून अधिक या मोहिमेतून आले होते. केवळ मोजणी केली असती तर निकाल तिथेच लागला असता. पण ‘ट्राय’ने कंपनीला ठणकावून कळवले की, ही विचारविनिमयाची प्रक्रिया आहे, घडवून आणलेली मतचाचणी नव्हे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या. चर्चापत्रात प्रश्न अवघे चार होते आणि या लाखो संदेशांत त्यांची उत्तरे नव्हती. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावी दरांना मनाई करणारा नियम आला.

या दोन प्रसंगांतला भेद बारकाईने पाहायला हवा. तयार मजकूर दोन्हीकडे होता. एकाच कागदाखाली अनेकांनी सह्या करण्यात गैर काही नाही. संसदेच्या याचिका समितीची परंपराच त्यावर उभी आहे. लोकसभेत सादर होणाऱ्या याचिकेवर सह्या करणाऱ्यांची पूर्ण नावे व पत्ते लागतात, शिवाय खासदाराची प्रतिस्वाक्षरीही लागते. म्हणजे सही खरी माणसाची असावी आणि मागणे काय ते स्पष्ट असावे, एवढीच अट. ‘ट्राय’नेही तीच कसोटी लावली. किती जण बोलले यापेक्षा विचारलेल्या प्रश्नावर कोण काय बोलले, याला तिने महत्त्व दिले.

ही कसोटी पुढे टिकली नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा नवा मसुदा मार्च २०२० मध्ये, देश टाळेबंदीत शिरत असताना, पुढे आला. त्याला विरोध करणारे ईमेल तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या पत्त्यावर मोठ्या संख्येने जाऊ लागले. त्यांच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने जुलैमध्ये तरुणांच्या एका पर्यावरणवादी गटाचे संकेतस्थळ बंद करण्यासाठी नोटीस काढली आणि तीत चक्क बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे, म्हणजे ‘यूएपीए’चे, कलम लावले. ते कलम चुकून लागल्याचे पुढे पोलिसांनी सांगितले आणि नोटीस मागे घेतली. चूक कबूल झाली हे बरे झाले. परंतु खुद्द सरकारनेच ज्या मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, त्यावर हरकत घेणाऱ्यांपर्यंत दहशतवादविरोधी कायदा पोहोचू शकतो, हा धडा तेवढ्याने पुसला जात नाही. पत्रपेटी तुंबते ही प्रशासकीय अडचण झाली. तिला गुन्हा ठरवणे ही वेगळीच गोष्ट आहे.

याचा अर्थ बनावट गर्दीचा धोका काल्पनिक आहे, असा मुळीच नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने इंटरनेट समानतेचे नियम रद्द करण्याच्या प्रस्तावावर मते मागवली. सुमारे दोन कोटी वीस लाख प्रतिसाद आले. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालानुसार त्यांतले जवळपास एक कोटी ऐंशी लाख बनावट होते. ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशांवर चाललेल्या मोहिमेने नियम रद्द करण्याच्या बाजूने सुमारे ८५ लाख प्रतिसाद इतरांच्या नावांवर घुसडले होते. उलट बाजूने एका एकोणीस वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने सॉफ्टवेअरच्या मदतीने कपोलकल्पित नावांनी ७७ लाख प्रतिसाद पाठवले होते. म्हणजे या रोगाला पक्ष नाही. पैसा असलेल्यांनाही तो जडतो आणि आदर्शवादाने पेटलेल्यांनाही.

आता तर मजकुराचे साम्य ही बनावटीची खूणही उरलेली नाही. २०१९ मध्ये इडाहो राज्याच्या आरोग्य साहाय्य योजनेतील बदलावर एका अमेरिकी विद्यार्थ्याने प्रयोगादाखल संगणकाने लिहिलेल्या १००१ सूचना पाठवल्या. त्या प्रस्तावावर आलेल्या एकूण सूचनांच्या निम्म्याहून अधिक त्याच्याच होत्या, प्रत्येकीचा मजकूर वेगळा होता आणि नंतर वाचून दाखवल्या तेव्हा माणसांना त्या ओळखता आल्या नाहीत. त्याने स्वतःहून कळवून त्या मागे घेतल्या. प्रत्येक जण मागे घेईलच असे नाही. तेव्हाची ती कसब लागणारी गोष्ट आज कुणाच्याही मोबाइलवर होते.

मग उपाय काय? ओळखपत्राशिवाय मत घ्यायचेच नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण सरकारी प्रकल्पात जमीन जाणारा शेतकरी, मोठ्या कंपनीच्या विरोधात लिहिणारा कामगार यांच्याकडून आधार क्रमांक मागितला तर यंत्रे थांबतील न थांबतील, ही माणसे मात्र नक्की थांबतील. ईमेलवर किंवा मोबाइलवर एक संकेतांक पाठवून खात्री करणे, एका पत्त्यावरून एकच प्रतिसाद धरणे, एवढे प्राथमिक गाळण पुरेसे आहे. त्यातून काही बनावट पत्रे सुटतीलच. ती सुटली तरी बिघडू नये अशी व्यवस्था हवी आणि ती तेव्हाच होईल जेव्हा संख्येला निर्णयात वजन राहणार नाही. ज्या बाजारात नगांची किंमत नाही, तिथे बनावट नग ओतून कुणाचा काय लाभ?

संख्येऐवजी युक्तिवाद मोजायचे म्हणजे काय, हेही कठीण नाही. लाखो पत्रांत वेगळे मुद्दे फार तर काही शेकडा निघतात. सारख्या मजकुरांचे गठ्ठे करण्यास आता तीच संगणकीय साधने उपयोगी पडतात, ज्यांच्या साह्याने गर्दी केली जाते. प्रत्येक गठ्ठ्यातला मुद्दा काय, तो किती ठिकाणांहून आला, मान्य केला की नाही आणि का, असा तक्ता अहवालासोबत जोडावा. पत्रांचे मजकूर प्रसिद्ध करावेत, पत्ते व दूरध्वनी क्रमांक झाकून. २०१५ ची चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

याचा पाया कागदावर आधीच घातलेला आहे. ५ फेब्रुवारी २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार प्रत्येक मंत्रालयाने कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस जनतेपुढे ठेवायचा आणि आलेल्या प्रतिसादांचा गोषवारा संकेतस्थळावर द्यायचा, असे ठरले आहे. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी ‘कॉल ड्रॉप’ प्रकरणाच्या निकालात, अमेरिकेतील १९४६ च्या कायद्याच्या धर्तीवर अशा प्रक्रियेसाठी संसदेने कायदा करण्याचा विचार करावा, असे सुचवले. ती सूचना सूचनाच राहिली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकाच्या नोव्हेंबर २०२२ च्या मसुद्यावर २१ हजार ६६६ सूचना आल्या. त्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. तिथे तर महापुराचीही सबब नव्हती.

मराठी वाचकाला या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक असायला हवी. संसदीय समित्यांच्या जाहिरातींत निवेदने इंग्रजी किंवा हिंदीत मागवली जातात. वक्फ समितीचीही जाहिरात तशीच होती. यंत्राला भाषांतर चुटकीसरशी जमते. अडतो तो चंद्रपूरचा किंवा सिंधुदुर्गातला, स्वतःच्या भाषेत स्वतःचा मुद्दा मांडू पाहणारा माणूस. पर्यावरण अधिसूचनेच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मसुद्याचे आठव्या परिशिष्टातील सर्व २२ भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला, तेव्हा केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यांतही चित्र फार वेगळे नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये काही दुरुस्त्यांसह विधेयक विधानसभेत मंजूर झाले. विरोधक त्या संख्येकडे बोट दाखवत राहिले, सरकार दुरुस्त्यांकडे. कोणत्या हरकतीला काय उत्तर मिळाले, हे समजून घेण्याची सोय असती तर दोघांच्याही बोलण्याचा कस लागला असता.

मंत्रालयातल्या एखाद्या कक्ष अधिकाऱ्याच्या संगणकावर आज हजारो सारख्या ईमेलच्या मध्ये कुठेतरी एक वेगळे पत्र पडलेले असते. निवृत्त अभियंत्याने मसुद्यातल्या एका व्याख्येतली चूक दाखवलेली असते, किंवा एखाद्या ग्रामसेवकाने नियम गावात कसा फसेल ते लिहिलेले असते. तेवढ्यासाठीच तर मत मागवायचे असते. त्या अधिकाऱ्याला ते पत्र सापडावे अशी साधने द्यायची आणि सापडल्यावर उत्तर देण्याचे बंधन घालायचे, एवढे संसदेने केले तरी पुष्कळ होईल. नाही तर प्रामाणिक माणूस एकदा लिहील, उत्तराची वाट पाहील आणि पुढच्या वेळी गप्प बसेल. मग हरकतींच्या रकान्यात उरतील ती यंत्रे. कारण उत्तर आले नाही म्हणून यंत्र कधी निराश होत नाही.