नेट बंद पडले : दोष घरातला की रस्त्यावरचा?

महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीची नोंदणी, हज कमिटीकडे करायचा अर्ज, ही सगळी कामे आता ऑनलाइन झाली आहेत. अशा वेळी ऐन शेवटच्या तारखेला संगणकावरचे नेट बंद पडले, तर मुलीचे वर्षभराचे शिष्यवृत्तीचे पैसे अडकू शकतात.

डहाणू-तलासरी भागात केबलला त्रास व्हायला कारणे पुष्कळ आहेत. चिंचणी-बोर्डीच्या किनाऱ्याला खारी हवा आणि पावसाळी वारा. घोलवडच्या चिकूवाड्यांत फांद्यांना घासत जाणारी केबल. चारोटीपासून तलासरीपर्यंत महामार्गाच्या कडेला होणारे खोदकाम. त्यामुळे नेट गेले की आपण लगेच म्हणतो, "बाहेर लाइन तुटली असेल." मग माणूस येईपर्यंत दोन-दोन दिवस वाट पाहतो. तो येतो, सैल झालेली वायर नीट बसवतो आणि निघून जातो. म्हणून दोष घरात आहे की बाहेर, हे आधी ठरवायला शिका. दहा मिनिटांचे काम आहे आणि अम्मीपासून दहावीतल्या मुलीपर्यंत कोणीही ते करू शकते. त्यासाठी भाईजान घरी येण्याची वाट पाहायला नको.

पहिली तपासणी मोबाइलवर. मोबाइलचा डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवर एखादे पान उघडा. ते उघडले तर बाहेरची लाइन ठीक आहे. दोष राउटर आणि संगणक यांच्या मधे आहे. मोबाइलवरही उघडले नाही तर राउटरचे दिवे पाहा.

राउटरचे दिवे. एकही दिवा लागत नसेल तर प्लग, बटण आणि अडॅप्टर तपासा. अडॅप्टर बदलायचा असेल तर जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर कमी नकोत. नुसती पिन बसते म्हणून दुसरा लावू नका. 'लॉस' नावाचा दिवा लाल लागला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोचत नाही. फायबर म्हणजे काचेचा बारीक धागा. कपाटामागे तो दाबला गेला किंवा फार वाकला असेल तर हलक्या हाताने मोकळा करा. तरीही दिवा लालच राहिला तर दोष बहुधा बाहेरचा आहे, तक्रार करा. फायबरचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लॅनची वायर. मोबाइलवर नेट आहे आणि संगणकावर नाही, तर आधी ही वायर पाहा. दोन्ही टोके काढून पुन्हा बसवा. 'टक्' असा आवाज यायला हवा. टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटली असेल तर वायर बसल्यासारखी दिसते, पण हळूच मागे सरकते. वायर नीट बसली की बहुतेक संगणकांत आणि राउटरवर तिच्या खाचेजवळ बारीक दिवा लागतो. तो लागला नाही तर राउटरच्या दुसऱ्या खाचेत वायर लावून पाहा, मग दुसरी वायर लावून पाहा. उंदराने कुरतडले आहे का, टोकावरच्या धातूला हिरवट गंज चढला आहे का, हेही बघा. या वायरीत आठ तारा असतात. त्यांतली एखादी तुटली तर कधी नेट पूर्ण बंद न होता वेग खूप उतरतो.

संगणकाची बाजू. वायर ठीक असेल तर राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दोन-तीन मिनिटांनी संगणक पुन्हा सुरू करा. तरी नेट आले नाही तर विंडोजच्या शोधखान्यात इंग्रजीत 'सीएमडी' टाइप करा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' लिहून एंटर दाबा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. पुन्हा वायर आणि राउटरकडे वळा. पत्ता १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होत असेल तर 'पिंग' लिहून, एक जागा सोडून, ८.८.८.८ टाइप करा. उत्तर आले, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली असण्याची शक्यता मोठी.

संगणकाची तारीखही पाहा. जुन्या संगणकाच्या आतली बॅटरी संपली की तारीख काही वर्षे मागे जाते. मग नेट चालू असूनही बँकेची आणि सरकारची संकेतस्थळे 'असुरक्षित' म्हणून उघडत नाहीत. तारीख दुरुस्त केली की ती उघडतात.

तक्रार करताना. "नेट चालत नाही" एवढेच सांगू नका. "लॉसचा दिवा सकाळपासून लाल आहे, फायबर घरात दाबलेला नाही," असे सांगा, म्हणजे येणारा माणूस योग्य सामान घेऊन निघेल. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवा. 'ट्राय'च्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रारीला क्रमांक द्यायला हवा. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्याला फी लागत नाही.

ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन आणि दिव्यांचे अर्थ एका कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवा. आपल्याकडच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलची रेंजही धड मिळत नाही, म्हणून त्याच कागदावर जवळच्या आपले सरकार सेवा केंद्राची वेळ लिहा. अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी भरायला बसलात, तर लाइन खरोखर तुटली असली तरी त्या केंद्रात जाऊन तो वेळेत भरता येईल.