विमानतळाच्या दारात इतिहासाचे सोंग

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेव्हापासून करंजाडे, उलवे, पनवेल या परिसरात जागांचे भाव, रस्ते आणि पाणी यांची चर्चा रंगली आहे. येथे उतरणारा प्रवासी या भूमीत घटकाभर थांबावा, यासाठी त्याला काय दाखवायचे, हा प्रश्न मात्र मागेच पडला आहे.

फ्रान्समधील जुन्या शहरांनी या प्रश्नाचे एक उत्तर शोधले आहे. तेथे संध्याकाळी गल्लीबोळांतून निघणाऱ्या सहलीचे नेतृत्व कंदील घेतलेला रात्रपहारेकरी किंवा डोईला रुमाल बांधलेली धोबीण करते. त्या काळाचा वेश, तीच बोलण्याची ढब आणि अधूनमधून एखादा नाट्यप्रवेश, असे या भ्रमंतीचे स्वरूप असते. अर्थात, हा निव्वळ करमणुकीचा मामला नव्हे. वारसा जपणाऱ्या व तो लोकांना समजावून सांगणाऱ्या शहरांना ‘कला व इतिहासाचे शहर’ असा दर्जा देण्याची योजना तेथील सांस्कृतिक मंत्रालयाने १९८५ मध्ये सुरू केली. संग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तूंमध्ये व्यावसायिक सहली नेणाऱ्यांना अधिकृत ओळखपत्र असलेलाच मार्गदर्शक नेमावा लागतो. तेथे सोंगामागे अभ्यासाची शिस्त उभी असते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. बहुरूपी आणि वासुदेव ही वेश धारण करून दारोदार फिरणारी माणसे येथलीच. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने १९८५ पासून इतिहास भव्य रंगमंचावर आणला. मुंबई-पुण्यात वारसा सहलीही आता रुळल्या आहेत. उणीव आहे ती अभ्यास आणि अभिनय यांची सांगड घालण्याची.

पनवेलकडे त्यासाठी कथावस्तूची वाण नाही. मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी एकेकाळी होडीने पनवेलच्या बंदरात उतरे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि या वाटेचे महत्त्व वाढले. पुढे १८६३ मध्ये रेल्वेने घाट ओलांडला आणि वाहतूक तिच्याकडे वळली. होडीवरचा तांडेल, बंदरातला हमाल, टपाल नेणारा हरकारा यांच्या तोंडून ही स्थित्यंतरे ऐकण्याजोगी आहेत. जवळच्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. कर्नाळ्याचा सुळका तर महामार्गावरूनच दिसतो.

तथापि, या परिसराचा सर्वांत ताजा इतिहास वाड्यांत किंवा किल्ल्यांत नाही. तो करंजाडेसारख्या वसाहतींत आहे. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे आदी दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. उलवे टेकडी तासली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. विस्थापितांना ज्या भागांत भूखंड मिळाले, त्यांत वडघर आणि वहाळप्रमाणेच करंजाडेही आहे. त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या योजनेमागे याच संघर्षाचे बळ होते. आज गावठाण नकाशावरून पुसले गेले आहे. शेत, मिठागर आणि खाडी जाणणारी पिढी वयोवृद्ध होत चालली आहे. तिच्याकडून ऐकून घेण्याची मुदत फार मोठी नाही.

म्हणूनच अशी पदभ्रमंती उद्या येथे सुरू झालीच, तर ती कोणाची कथा सांगणार, हा कळीचा मुद्दा आहे. शनिवारवाड्याचे उदाहरण बोलके आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पण ‘ध’चा ‘मा’ आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळ्या यांनीच लोकांच्या मनात घर केले. १७३० मध्ये पायाभरणी झालेल्या त्या वास्तूतून चाललेला राज्यकारभार मात्र झाकोळला. नाट्याचा मोह असा सत्याला गिळतो. शिवाय थोर पुरुषांचे सोंग घेतले की वाद ठरलेला. फ्रान्समधल्या सहलींत बहुधा सामान्य माणूसच बोलतो, यात शहाणपण आहे.

पनवेल महानगरपालिका, सिडको आणि पर्यटन विभाग यांनी यावर एकत्र विचार करावयास हवा. स्थानिक तरुणांना संहितेपासून सादरीकरणापर्यंत प्रशिक्षण द्यावे, संहिता इतिहासाच्या अभ्यासकांकडून तपासून घ्यावी आणि विस्थापित गावांच्या आठवणी प्रथम नोंदवून ठेवाव्यात. भूमिपुत्रांना यात केवळ फेटा बांधून उभे राहण्याचे काम मिळाले, तर ती त्यांची दुसरी फसवणूक ठरेल. कथेवर आणि तिच्या मोबदल्यावर पहिला हक्क त्यांचाच असला पाहिजे. ज्यांच्या अंगणावर धावपट्टी आली, त्यांचे म्हणणे पाहुण्याने त्यांच्याच तोंडून ऐकावे, इतकी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.