बोट काचेवर, बोअर आत

नाशिकच्या सातपूरमधल्या एका टूलरूममध्ये परवा पाहिलं. स्क्रीनवर डायचं थ्रीडी मॉडेल, माऊसवर तरुण डिझायनर, मागे जुने फिटर. “इथं नाय रे, आतल्या अंगाला,” म्हणत त्यांनी काचेवर बोट टेकवलं. मुलानं मॉडेल फिरवलं आणि बोट भलत्याच कडेवर आलं. “काका, कुठली कड?” उभा जन्म डाय हाताळण्यात गेलेला माणूस, आणि त्याला जागा दाखवता येईना.

काचेवरचं बोट लांबी-रुंदी सांगतं, खोली सांगत नाही. कर्सरच्या रेषेत जे आधी येईल ते निवडलं जातं. मागचं बोअर, म्हणजे आतलं भोक, तसंच राहतं. चष्म्याच्या थ्रीडी पडद्यावर आणखी एक पंचाईत. गच्चीवरून पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बोट करा आणि नजर डोंगरावरच ठेवा. बोटं दोन दिसतील. पडद्याआड भासणाऱ्या वस्तूकडे बघतानाही तसंच होतं. त्यातलं कुठलं धरायचं?

खोलीतली जागा दाखवण्याच्या या प्रश्नाला आपल्या नाशिकच्या रमेश रासकरांचा हात लागलेला आहे. 2009 साली एमआयटी मीडिया लॅबमध्ये मॅथ्यू हर्श, डग्लस लॅनमन, हेन्री होल्ट्झमन आणि रासकर यांनी ‘बायडाय स्क्रीन’ मांडला. त्यात एलसीडी पडदा क्षणभर चित्र दाखवतो, क्षणभर काळ्या-पांढऱ्या नक्षीची जाळी होतो. त्या जाळीतून आलेला प्रकाश मागे टिपला जातो. प्रत्येक भोक हात किंचित वेगळ्या जागेवरून पाहतं, त्या फरकावरून हात काचेपासून किती लांब आहे हे निघतं. नुसत्या बारीक भोकांतून प्रकाश फार थोडा येतो, म्हणून नक्षी अशी निवडली की बराच प्रकाश आत यावा. पडदाच डोळा झाला. अंगावर काही चढवायला नको.

बाजार मात्र डोक्यावर चढवायच्या यंत्रांकडे गेला. 2024 मध्ये आलेल्या ‘व्हिजन प्रो’त नजरेनं वस्तू निवडायची आणि चिमटीनं पकडायची. घरात चालेल. तेलाच्या हातांनी, घामेजल्या कपाळानं काम करणाऱ्याला ते कसं चालावं? शिवाय दाखवणं दोघांत घडतं. ‘इथं’ म्हणणाऱ्याचं बोट ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे.

2015 च्या कुंभासाठी रासकरांच्या पुढाकारानं झालेल्या ‘कुंभथॉन’मध्ये इथल्या मुलांनी शहराचे प्रश्न अंगावर घेतले होते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतला हा प्रश्नही आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी तसाच घ्यावा, आणि पहिली चाचणी फिटरच्या हाताची घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी काकांनी रॅकवरून जुना इन्सर्ट आणला, बोअरमध्ये करंगळी घातली, आतून फिरवली आणि म्हणाले, “ही. ही कड.”