पुस्तकी बोलतात, बोलू द्या

बेळगाव-निपाणीतलं मूल गल्लीत ‘काय करायलास?’ म्हणतं. कन्नडच्या शेजारानं घडलेली ही बोली अस्सल आहे. तिला अशुद्ध म्हणणं अन्यायाचं. पण सरकारी कागद कन्नडमध्ये, पालकांचा ओढा इंग्रजी शाळांकडे. मग पल्लेदार मराठी वाक्य मुलांच्या कानी पडणार कुठून? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’सारख्या पुस्तकांतून. ती वाचणारं मूल ‘बोअर झालं’वर न थांबता ‘जीव रमत नाही’ म्हणू लागतं. मनातलं नेमकं सांगता येणं ही केवढी मोठी गोष्ट!

अशा पुस्तकी बोलण्याला सवंगडी हसतील, हा आक्षेप खराच. पण दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला कुठं कसं बोलावं हे लवकर कळतं. पुस्तकानं बोली पुसली जात नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. पालकांनो, या सुट्टीत मुलांना तिथं घेऊन जा.