खाणीतला माणूस आणि आपली कादंबरी

१८८५ साली फ्रान्समध्ये एमिल झोला यांची ‘जर्मिनाल’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मराठीत हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ अवतरली. एक कादंबरी कोळशाच्या खाणीत उतरली. दुसरी पुण्याच्या पांढरपेशा घरात शिरली. आपट्यांचे ऋण मोठे आहे. मराठी कादंबरीला अद्भुताच्या राज्यातून त्यांनीच माणसांच्या घरात आणले. तथापि त्या घराबाहेर, भोंग्याच्या हाकेवर चालणारा जो महाराष्ट्र त्याच काळात जन्माला येत होता, तो त्या कादंबरीच्या दृष्टीस पडला नाही, हे मान्य केले पाहिजे. वसतिगृहातील मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, याचा विचार करताना ही उणीव मला नेहमी बोचते.

युरोपातही हा विषय एकदम आला नाही. डिझरेली यांच्या ‘सिबिल’मध्ये (१८४५) मजुरीऐवजी मालकाच्या दुकानातील माल माथी मारला जाणारे खाणकामगार दिसतात. डिकन्स यांच्या ‘हार्ड टाइम्स’मधील (१८५४) गिरणीकामगार एका ओसाड पडलेल्या खाणीच्या विवरात कोसळून प्राणास मुकतो. पण या लेखकांची सहानुभूती काठावर उभे राहून पाहणाऱ्याची होती. झोला १८८४ मध्ये संप चालू असतानाच उत्तर फ्रान्समधील आँझँ येथे गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या घरांत बसले आणि मग लिहिते झाले.

‘जर्मिनाल’चे मोठेपण केवळ दारिद्र्याच्या वर्णनात नाही. तेथील संप पेटतो तो एका हिशेबावरून. खाणीचे छत तोलून धरणाऱ्या लाकडी टेक्यांच्या कामाची मजुरी कंपनी वेगळी देऊ करते आणि त्याच वेळी कोळशाच्या गाडीमागचा दर उतरवते. बेरीज केली की कामगाराच्या पदरात पूर्वीपेक्षा कमीच पडते. शोषण बहुधा असेच, वहीतील आकड्यांतून चालते. मालकपक्षही झोला यांनी राक्षसाच्या रूपात रंगविलेला नाही. भागधारक ग्रेग्वार कुटुंब सज्जन आहे; दाराशी आलेल्या माऊच्या बायकोला ते उबदार कपडे देते, मुलांना खाऊ देते, फक्त पैसा देत नाही. व्यवस्थापक एनबो कामगारांना सांगतो की, मीही पगारी नोकरच आहे. मग खरा मालक कोण? तो दूर कोठेतरी आहे आणि त्याला चेहरा नाही. व्यक्तीचा दुष्टपणा आणि व्यवस्थेचा अन्याय या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ही कादंबरी वाचकाला शिकविते.

झोला आँझँला गेले त्याच १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी १८८३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला होता. म्हणजे विचार होता, चळवळ होती, वर्तमानपत्रही होते. नव्हती ती कादंबरी. मामा वरेरकरांचा ‘धावता धोटा’ येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

मात्र झोला यांचे अनुकरण करून आपले भागले नसते. माऊ कुटुंबाच्या वस्तीत सारे एका पंक्तीचे आहेत. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, आणि ही बंदी पाळणारे स्वतः कामगारच होते. १९३८ साली मनमाड येथील रेल्वे कामगार परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवातून. ज्या मराठी कादंबरीत यांपैकी एकच शत्रू दिसेल, ती अर्धीच राहील, असे माझे मत आहे.

बाबासाहेबांनी खाणही प्रत्यक्ष पाहिली होती. मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद परिसरातील कोळसा खाणींत गेले, कामगारांच्या चाळी त्यांनी पाहिल्या. युद्धकाळात स्त्रियांना पुन्हा भूगर्भात कामास पाठविण्याच्या सरकारी निर्णयाचे समर्थन त्यांना कायदेमंडळात करावे लागले. तेथेही समान कामास समान वेतन या तत्त्वावर त्यांनी भर दिला. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. मंत्र्याची ही कोंडी आणि त्या खाणीतील बाईचे मन, दोन्ही एखाद्या थोर कादंबरीचे विषय आहेत. ती अद्याप कोणी लिहावयाची आहे.

आमच्या नेसरीचे नाव सात वीरांच्या बलिदानामुळे इतिहासात अमर झाले. पण याच गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातून पिढ्यानपिढ्या माणसे वळकटी उचलून लालबाग-परळला गेली आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील कित्येक रिकाम्या हाताने गावी परतली. चंदगडच्या बाजूला आज बॉक्साइटच्या खाणी आहेत. या माणसांचे स्मारक कोठेही नाही. ज्यांनी तो भोंगा ऐकला, ते आजोबा आज थकले आहेत.

म्हणून या शाळेतील विद्यार्थ्यांस माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा वही सोबत न्या. आजोबांना त्यांचे खाते विचारा, पगार विचारा, खोलीत किती जण झोपत ते विचारा. पाणी पिण्याचा माठ एकच होता की दोन, हेही विचारा. सांगतील ते जसेच्या तसे उतरवून घ्या. झोला यांनीही आरंभ अशाच टिपणांनी केला होता.