जेवणानंतरचा शेरा

इंग्रजी अमदानीत जिल्ह्याजिल्ह्यांतून जे डाकबंगले बांधले गेले, त्यांत एक जाडजूड नोंदवही ठेवलेली असे, आणि मुक्कामास आलेल्या प्रवाशाने तीत आपले नाव, हुद्दा, येण्याजाण्याची तारीख आणि भरलेली रक्कम लिहून झाल्यावर शेवटच्या रकान्यात आपला शेरा लिहावा, असा शिरस्ता होता. त्या शेऱ्यात कधी खानसाम्याच्या हाताची स्तुती असे, कधी गळक्या छपराबद्दल कुरकुर असे. परंतु लिहिणारा कोण, तो कधी आला, किती दिवस राहिला आणि त्याने मोबदला काय दिला, हे सर्व त्याच ओळीत नोंदलेले असल्यामुळे, पुढे ती वही तपासणाऱ्यास त्या शेऱ्याचे वजन किती धरावे हे ठरवता येई. शिवाय ज्याच्याविषयी लिहिले जाई तो माणूस त्याच छपराखाली वावरत असे, ही गोष्ट लेखणीला आपोआप एक मर्यादा घालीत असली पाहिजे.

ती वही आता प्रत्येकाच्या खिशात आली आहे. मोबाईलवर नकाशा उघडला की गावातल्या प्रत्येक खानावळीच्या, उपाहारगृहाच्या आणि लॉजच्या नावाखाली ताऱ्यांची रांग आणि तिच्याखाली अपरिचितांचे शेरे दिसू लागतात. पाककलेचे शास्त्र न शिकलेल्या, केवळ भूक लागली म्हणून आत शिरलेल्या माणसांचे हे लेखन मला मनापासून आवडते. कारण वृत्तपत्रांतून हॉटेलांविषयी जे लिहून येत असे ते बहुतांशी मुंबई-पुण्याच्या नामांकित स्थळांविषयी असे. बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ सालच्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव, १९४२ पासून केळीच्या पानावर वाढणारे माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग, डेक्कनवरचे १९३५ पासूनचे गुडलक, यांची वर्णने वाचत आमची पिढी वाढली आणि ती वर्णने योग्यही होती. परंतु खानदेशातल्या हमरस्त्यावर कळण्याची भाकरी आणि शेवभाजी देणारा ढाबा, किंवा एस. टी. स्थानकाच्या पिछाडीस एका विधवेने चालवलेली, सहा बाकांची झुणका-भाकरीची खोली, यांची दखल लिखित स्वरूपात कोणी घेतली नव्हती. ती या हौशी लेखकांनी घेतली. सोलापुरात उतरलेल्या एखाद्या औषधविक्रेत्याने आपली शेंगाचटणी कोठे ताजी कुटून मिळाली हे चार ओळींत लिहून ठेवावे आणि त्या चार ओळींच्या आधारे दुसऱ्या कोणा परगावच्या माणसाला रात्री नऊ वाजता सुग्रास जेवण मिळावे, हा परोपकारच होय.

म्हणूनच या लेखनाविषयी मला जे म्हणायचे आहे ते आस्थेने म्हणायचे आहे. जेवणानंतरचा शेरा ही साक्ष आहे. साक्षीला जे नियम लागू होतात ते त्यालाही लागू व्हावयास हवेत, आणि त्यांतला पहिला नियम असा की ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यावयाची, त्याची कैफियत आधी ऐकून घ्यावी.

हे म्हणणे कोणास अतिरंजित वाटेल. आठ रुपयांचा चहा कोमट निघाला म्हणून दोन तारे कमी केले तर एवढा गहजब कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेत प्राध्यापक असताना मायकल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांचा आणि त्यांना लाभलेल्या ताऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा एका ताऱ्याच्या वाढीबरोबर उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, हा परिणाम स्वतंत्र मालकांच्या उपाहारगृहांवरच दिसला, ज्यांच्या शाखा गावोगाव आहेत अशा मोठ्या पेढ्यांवर दिसला नाही. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्या पाठीशी जाहिरातीचे बळ आहे त्याला आपल्या शेऱ्याची झळ लागत नाही. ती लागते एकाच भटारखान्याच्या, एकाच गल्ल्याच्या, नवराबायको आणि एक पोऱ्या एवढ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या हॉटेलाला.

आणि ज्या गोष्टीला एवढी किंमत आहे तिचा बाजार भरणारच. गेल्या वर्षी एका हमरस्त्यावरच्या हॉटेलात बिल चुकते करीत असता, गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थांनी आपला मोबाईल माझ्यापुढे सरकवला आणि पाच तारे दिल्यास बिलात दहा टक्के सूट देऊ असे अत्यंत सौजन्याने सांगितले. जेवण खरोखर चांगले होते. मी कदाचित पाचच तारे दिले असते. परंतु त्या क्षणी त्या ताऱ्यांची किंमत माझ्यासमोर रोख ठरली आणि मला ते देता येईनात. त्या गृहस्थांचा मला राग आला नाही, कारण शेजारचे हॉटेल हेच करीत असणार आणि ते न केल्यास आपण मागे पडू ही त्यांची भीती खोटी नव्हती. लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर नावाच्या लेखकाने तर स्वतःच्या परसातल्या छपरीला उपाहारगृह म्हणून नोंदवले, मित्रांकडून प्रशंसेचे शेरे लिहवून घेतले आणि जेथे एकही पान वाढले जात नव्हते ते स्थळ ट्रिपअ‍ॅडव्हायझरच्या यादीत त्या महानगरातील प्रथम क्रमांकाचे उपाहारगृह करून दाखवले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी एक मानक सिद्ध केले. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, मोबदला देऊन लिहवलेले शेरे प्रसिद्ध करू नयेत, ही त्यातली कलमे योग्यच आहेत, परंतु त्याचे पालन ऐच्छिक ठेवण्यात आले, आणि ऐच्छिक शिस्तीची मातब्बरी बाजारात किती असते हे सांगावयास नको.

ताऱ्यांचे परीक्षण जबाबदारीने करता येत नाही असे मात्र नाही. फ्रान्समधल्या मिशलॅं या टायर बनवणाऱ्या पेढीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून उपाहारगृहांना तारे देण्यास आरंभ केला. तिचे निरीक्षक आपली ओळख लपवून जातात, हे खरे. पण ते आपल्या पानाचे पैसे भरतात आणि त्यांच्या निवाड्यामागे एक पेढी आपल्या नावानिशी उभी असते. आमच्या शेऱ्यांत निनावीपणा तेवढा आला, जबाबदारी आली नाही.

याउलट आमच्याच मुंबईत परीक्षणाची एक रीत होऊन गेली. गिरणगावात घरदार गावी ठेवून आलेला कामगार महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईच्या खानावळीत जेवत असे. दहा बाय बाराच्या खोलीत ती बाई पहाटे उठून भाकऱ्या थापी, पाळीच्या वेळेनुसार पंगती उठवी, आणि पगाराची तारीख येईपर्यंत वाण्याची उधारी डोक्यावर वागवी. आमटी पातळ झाली तर जेवणारा तिला तोंडावर सांगे, आणि ती का पातळ झाली हे ती त्याला तोंडावर सांगे: डाळ महागली, किंवा तुझ्याच दोस्ताने दोन महिन्यांचे पैसे बुडवले. दोघांनाही उद्या पुन्हा एकमेकांचे तोंड पाहावयाचे असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले, तोपर्यंत त्यांच्या श्रमांची नोंद कोणत्याही दफ्तरात नव्हती. त्यांच्या स्वयंपाकावरचे शेरे कोणी लिहून ठेवले नाहीत. पण तीस तीस वर्षे एकाच चुलीवर जेवलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याहून भक्कम दाखला कोणता असू शकेल?

साक्षीदाराला आपण काय पाहत आहोत याचे ज्ञान असावे लागते. मिसळीचेच उदाहरण घ्या, कारण मिसळीइतके भांडण महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्या पदार्थावरून होत असेल असे मला वाटत नाही. पुण्याच्या जुन्या पद्धतीच्या मिसळीत पोहे असतात आणि वर सँपल मागावयाचे असते; कोल्हापुरात कट झणझणीत असतो आणि सोबत पाव नसून ब्रेडच्या जाड स्लाइस येतात; नाशकात पापड आणि दही मांडले जाते. आता पुण्याच्या एखाद्या सद्गृहस्थाने कोल्हापुरात बसून पाव मिळाला नाही म्हणून दोन तारे द्यावेत, किंवा कोल्हापूरकराने सदाशिव पेठेतली मिसळ गोडसर लागते म्हणून तिला मिसळ म्हणण्यासच हरकत घ्यावी, यात हॉटेलाचे परीक्षण कोठे झाले? ज्या गावचे अन्न त्या गावच्या कसोटीने तपासावे, आणि ती कसोटी ठाऊक नसेल तर शेजारच्या बाकावरच्या स्थानिक माणसास विचारावे. तो सांगण्यास उत्सुक असतो, असा माझा अनुभव आहे.

हीच गोष्ट मुक्कामाच्या जागांची. खोली ‘छान’ आहे किंवा ‘बकवास’ आहे या शब्दांनी कोणाचे काहीच भागत नाही. गरम पाणी सकाळी किती ते किती येते, दाराची कडी आतून नीट बसते काय, गुडघेदुखीच्या आईला किती पायऱ्या चढाव्या लागतील, लग्नाचा हंगाम असता खालच्या सभागृहातला ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होतो, एकट्या स्त्रीला दप्तरी नोंद करताना अवमानकारक प्रश्न विचारले जातात की काय, हे लिहिले तर वाचणाऱ्याची रात्र सुधारते. शेगावच्या गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासांविषयी जो उतरून आला तो प्रथम तेथल्या स्वच्छतेविषयी आणि सेवेकऱ्यांच्या शिस्तीविषयी बोलतो, वास्तूच्या भव्यतेविषयी नव्हे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एका बाबतीत मात्र मला अधिक जोर देऊन लिहावयाचे आहे. हमरस्त्यावरच्या हॉटेलांविषयी लिहिताना स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय, त्याला कडी, दिवा आणि पाणी आहे काय, हे पहिल्या ओळीत लिहावे. लांबच्या प्रवासात पाणी पिणेच टाळणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. आई, बहीण, पत्नी सहा सहा तास तहान मारून बसमध्ये बसतात, कारण पुढचा थांबा कसा असेल याची शाश्वती नसते. पनीर मऊ होते की नाही याची शेकडो मते उपलब्ध आहेत. या एका ओळीची मात्र सर्वत्र वानवा आहे. ज्या मालकाने ही सोय नीट राखली आहे त्याची मुक्त कंठाने स्तुती करावी, म्हणजे शेजारचाही ती राखू लागेल.

आणि जेथे खरोखर अपाय झाला, शिळ्या अन्नाने मुले आजारी पडली, तेथे एक तारा देऊन गप्प बसणे हे कर्तव्यच्युती होय. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे, त्याखालील १४ अंकी क्रमांक हॉटेलाच्या परवान्यावर असतो आणि पावतीवर छापावा लागतो, आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे रीतसर तक्रार करता येते. तेथे निरीक्षक येतो, नमुने घेतो, मालकास खुलासा मागतो. ज्याने दहा माणसांना विषबाधा केली आणि ज्याच्या वेटरने पाणी उशिरा आणले, त्या दोघांना एकाच एका ताऱ्याची शिक्षा, हा न्याय नव्हे.

कैफियत ऐकून घेण्याचा आग्रह मी का धरतो, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मालवण भागातल्या एका लहान गावी, घरगुती खानावळीत आम्ही चौघे जेवलो. सुरमई नव्हती, पापलेट नव्हते; खानावळ चालवणाऱ्या काकींनी सुक्या बांगड्याची किसमूर, काळ्या वाटाण्याची उसळ, भात आणि सोलकढी वाढली. त्या रात्री लॉजवर बसून मी लिहिले की समुद्राकाठच्या गावात ताजी मासळी मिळत नाही आणि सुके मासे वाढून पर्यटकांची बोळवण केली जाते. दोन तारे दिले. वाक्य मला त्या वेळी चांगले साधले असे वाटले होते.

नोव्हेंबरात त्याच रस्त्याने जाण्याचा योग आला आणि दुसरी सोय नसल्याने आम्ही पुन्हा तेथेच बसलो. शेजारच्या बाकावर एक नाशिकचे कुटुंब होते, त्यांतल्या गृहस्थांनी बसण्यापूर्वी मोबाईलकडे पाहत काकींना विचारले, “तुमच्याकडे ताजी मासळी मिळत नाही म्हणे?” शब्द माझे होते. काकींनी न रागावता उत्तर दिले की पावसात होड्या बंद असतात, जून आणि जुलै दोन महिने सरकारचीच बंदी असते, मासळीच्या विणीचा तो काळ, तेव्हा बर्फातली बाहेरची सुरमई आणून ताजी म्हणून वाढण्यापेक्षा आम्ही घरात जे खातो तेच वाढतो. हे उत्तर त्या हंगामात आपण किती वेळा दिले असेल याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नव्हता.

ते कुटुंब जेवून गेल्यावर मी काकींना सांगितले की ते लिहिणारा मी. त्या क्षणभर थांबल्या, हातातले ताट खाली ठेवले आणि म्हणाल्या, “तेव्हाच विचारलं असतंत तर सांगितलं असतं ना, भाऊ.” मग आमच्या पानात भात वाढून त्या आत गेल्या.

तो जुना शेरा मी तेथेच बसून काढून टाकला आणि नवा लिहिला. त्यात माझे पूर्ण नाव आहे, दोन्ही भेटींच्या तारखा आहेत आणि पुढील मजकूर आहे: “जुलैत यांत्रिक नौका बंद, त्या दिवसांत येथे सुकी मासळी मिळते आणि किसमूर उत्तम असते. नोव्हेंबरात बांगड्याचे तिखले, तिरफळ घातलेले, मासा सकाळचा. भाकरी तांदळाची, मागाल तेव्हा गरम. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह घरामागे, स्वच्छ, कडी व दिवा आहे. चौघांपेक्षा अधिक असल्यास सकाळी कळवावे, काकी एकट्या रांधतात.”